लिव्हरपूल सोडल्यावर कुटिन्योचं नक्की काय बिनसलं

फुटबॉलमध्ये टीम सोडून गेलेला प्लेयर पुढे कसा खेळतो हा विषय निघाला की ब्राझीलच्या फिलिपे कुटिन्योचं नाव हमखास येतं, आणि येतं ते बहुतेक वेळा टोमणा म्हणूनच. गेला बार्सिलोनाला आणि संपला, लिव्हरपूलचा कोच क्लॉप, त्याचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं, वगैरे वगैरे. मला हे इतकं सरळ वाटत नाही. पंचविशीतल्या पोराच्या पायातलं कसब एका ट्रान्सफरने जात नसतं हो. त्याची गेली ती जागा, म्हणजे मैदानावरचा तो डावीकडचा आतला पट्टा, जिथे तो उभा राहिला की बाकीची टीम त्याच्या हिशोबाने हलायची. पुढे ज्या ज्या मोठ्या क्लबात गेला तिथे त्या पट्ट्यात आधीच कुणीतरी बसलेलं होतं, आणि त्याच्या अंगावर जी किंमत चिकटली होती तिच्यामुळे त्याला नीट खेळवताही येईना आणि विकताही येईना. एवढंच माझं म्हणणं आहे, आता सविस्तर.

जानेवारी २०१३ मध्ये लिव्हरपूलने त्याला इंटर मिलानकडून साडेआठ मिलियन पाउंडांत घेतला तेव्हा तो २० वर्षांचा होता. इंटरमध्ये फार कुणी त्याला विचारत नव्हतं, मधे लोनवर, म्हणजे काही काळ उसना, एस्पान्योलला कोच पोचेत्तिनोच्या हाताखाली खेळला तेव्हा जरा चमक दिसली होती, बस. लिव्हरपूलमध्ये तेव्हाच्या कोचने, ब्रेंडन रॉजर्सने, १० नंबरची जर्सी दिली आणि पोराचं जमलं. पाच वर्षांत २०१ मॅच, ५४ गोल. त्याचा तो गोल तर सगळ्यांना पाठ झाला होता, डावीकडे बॉल घ्यायचा, एक टच आत, अजून अर्धा टच आत, आणि उजव्या पायाने लांबच्या पोस्टकडे वळवून मारायचा. समोरच्या डिफेंडरला पण माहीत असायचं हा काय करणारे, तरी जायचा.

पण हा गोल एकट्याचा नव्हता हे नीट बघितलं तरच कळतं. तो आत वळायचा त्याच क्षणी लेफ्ट बॅक बाहेरून पळत वर जायचा म्हणजे समोरचा राइट बॅक अर्धा सेकंद गोंधळायचा, फर्मिनो स्ट्रायकर असून खाली उतरायचा आणि एका सेंटर बॅकला आपल्यामागे ओढून न्यायचा, उजवीकडून सालाह किंवा माने आत घुसायचा म्हणजे दुसरा सेंटर बॅक पुढे यायला घाबरायचा. उरायची ती मोकळी जागा बॉक्सच्या तोंडाशी, आणि ती कुटिन्योची. शॉट अडला, पास चुकला तरी काही बिघडायचं नाही, कारण क्लॉपची टीम बॉल गेला रे गेला की लगेच प्रेस करून, म्हणजे समोरच्याच्या अंगावर धावून जाऊन, परत मिळवायची आणि परत त्यालाच द्यायची. दहा वेळा रिस्क घेणाऱ्या प्लेयरला अशी टीम मिळणं म्हणजे लॉटरीच. २०१७ च्या शेवटी तर तो भन्नाट फॉर्मात होता, २० मॅचमध्ये १२ गोल, डिसेंबरमध्ये स्पार्टाक मॉस्कोला ७-० हरवलं त्या रात्री कॅप्टनचा पट्टा दंडावर बांधून हॅटट्रिक. त्यानंतर महिन्याभरात तो क्लब सोडून गेलेला होता.

जाण्याची गोष्ट खरी सुरू झाली त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये. पॅरिसच्या पीएसजीने २२२ मिलियन युरो मोजून बार्सिलोनाच्या नेमारला उचलला आणि बार्सिलोनाच्या हातात एवढा पैसा आणि डाव्या बाजूला एवढं मोठं भगदाड, दोन्ही एकदम आलं. आणि जगाला माहीत होतं की यांच्या खिशात पैसा आहे, त्यामुळे जो तो भाव वाढवून सांगायला लागला. लिव्हरपूलने त्याच वर्षी जानेवारीत कुटिन्योशी पाच वर्षांचा नवा करार केलेला आणि त्यात रिलीज क्लॉज (ठरलेली रक्कम भरली की प्लेयर सोडावाच लागतो अशी अट) ठेवलाच नव्हता, म्हणजे सगळे पत्ते क्लबच्या हातात. ११ ऑगस्टला मालकांनी जाहीर करून टाकलं की कुठलीही ऑफर विचारात घेणार नाही, आणि काही तासांत कुटिन्योची ट्रान्सफर रिक्वेस्ट येऊन पडली. पाठ दुखतेय म्हणून लिव्हरपूलच्या सुरुवातीच्या मॅच हुकल्या, पण मधे ब्राझीलकडून एक्वाडोरविरुद्ध उतरून गोल मात्र मारला. फॅन्स भडकले ते काही उगाच नाही. तेव्हा बार्साने, म्हणजे बार्सिलोनाने, १०५ मिलियन युरो आणि वर ॲड-ऑन्स (पुढे अटी पूर्ण झाल्या तर द्यायचे जादा पैसे) देऊन विंगर डेम्बेलेला घेतलं, आणि तरीही जानेवारीत परत आले. ६ जानेवारी २०१८ ला सौदा जाहीर झाला, १२० मिलियन युरो पक्के आणि ४० मिलियनपर्यंत ॲड-ऑन्स. बार्साने त्याच्या करारात रिलीज क्लॉज टाकला ४०० मिलियनचा.

क्लॉपने त्याला म्हणे सांगितलं होतं की इथे राहिलास तर तुझा पुतळा उभारतील, तिकडे गेलास तर अनेकांपैकी एक होशील. तेव्हा हे बरंच छापून आलं होतं. लोक हे वाक्य भविष्यवाणी म्हणून फिरवतात, मला त्यात भविष्यवाणीपेक्षा कोचचा साधा हिशोब दिसतो. मेस्सी असलेल्या टीममध्ये मधल्या पट्ट्यात दुसऱ्याला किती बॉल मिळणार, हे क्लॉपला कळत नसेल होय?

बरं, सुरुवात वाईट झाली असं म्हणणारे खोटं बोलतात. चॅम्पियन्स लीगमध्ये त्या सीझनला लिव्हरपूलकडून खेळलेला असल्यामुळे बार्साकडून खेळता येणार नव्हतं, तरी उरलेल्या अर्ध्या सीझनमध्ये त्याने सगळे धरून १० गोल मारले. लीग मिळाली, कोपा देल रे म्हणजे स्पेनचा कप मिळाला, कोपाच्या फायनलमध्ये सेव्हियाला ५-० धुतलं त्यात याची पेनल्टी. लेव्हान्तेसमोर हॅटट्रिक मारली आणि तरी टीम ५-४ हरली, तीच ती मॅच जिच्यामुळे बार्साचा लीगमध्ये अख्खा सीझन न हरण्याचा विक्रम शेवटून दुसऱ्या मॅचला हुकला. त्या मॅचला मेस्सीला विश्रांती दिली होती आणि कुटिन्यो तिथे तीन गोल मारतो, यावर तेव्हा कुणी फार विचार केला नाही.

मग बार्साचा मिडफिल्डर इनिएस्टा क्लब सोडून गेला. सगळ्यांनी, म्हणजे मी धरून, गृहीत धरलं की त्याची खुर्ची आता कुटिन्योची. आता इनिएस्टाचं काम काय होतं बघा. बॉल जाऊ द्यायचा नाही, पासची लय तोडायची नाही, डावीकडे लेफ्ट बॅक आल्बा वर गेला की मागची जागा सांभाळायची, आणि संधी दिसली तरी दहापैकी आठ वेळा सोपा पास द्यायचा. कुटिन्यो याच्या बरोबर उलटा, तो बॉल घेतला की शॉट बघणार, नाहीतर कठीण पास बघणार. लिव्हरपूलला ते परवडायचं कारण मागे पळणारी माणसं होती, बार्साच्या मिडफिल्डला बॉल गमावणं परवडत नव्हतं. बार्साचे कोच वाल्वेर्दे, त्यांना हे थोड्या महिन्यांत कळलं, ती जागा आर्थरने आणि व्हिदालने भरली, आणि कुटिन्योला ढकललं डाव्या विंगवर.

आणि डाव्या विंगवर काय? बार्साचा तेव्हाचा सगळ्यात धोकादायक पास म्हणजे मेस्सीने उजवीकडून आत येऊन तिरका उचलायचा आणि आल्बाने डावीकडून पळत जाऊन घ्यायचा. त्यासाठी डाव्या विंगरने एक तर डिफेंडरला आत ओढून न्यायचं नाहीतर स्वतः मागच्या जागेत पळायचं. म्हणजे याचं काम बॉलशिवायचं. आणि बॉल मिळालाच, आपल्या सवयीने आत वळला, तर समोर मेस्सी उभा. संगीत खुर्चीत खुर्च्याच कमी असल्यावर चपळ पोरगं पण बाहेरच जातं ना. डेम्बेले वेगवान होता, डिफेंडरांच्या लाइनच्या मागे पळायचा, त्यामुळे त्या विशिष्ट कामाला तोच बरा पडायचा, भले त्याला निम्मा वेळ दुखापती असोत. त्या सीझनला कुटिन्यो ५४ मॅच खेळला आणि गोल ११. रियाल माद्रिदला ५-१ हरवलं त्यात पहिला गोल याचाच, पण असे दिवस विरळ.

इथे लुइस सुआरेझची गोष्ट काढायलाच पाहिजे, कारण रस्ता तोच, लिव्हरपूल ते बार्सिलोना, चार वर्षं आधी. तो तर समोरच्या प्लेयरला चावल्याबद्दलची बंदी घेऊन आला होता, चार महिने खेळलाच नाही. तरी पहिल्याच सीझनला तीन ट्रॉफी आणि शेवटी क्लबसाठी १९८ गोल. का? कारण त्या टीममध्ये खरा सेंटर फॉरवर्ड नव्हताच. सुरुवातीला त्याला उजवीकडे टाकलं होतं, मग मेस्सी उजवीकडे सरकला आणि मधली जागा सुआरेझला मोकळी झाली. म्हणजे मेस्सी बाजूला झाला म्हणून सुआरेझचं जमलं, आणि कुटिन्योसाठी मेस्सीने सरकावं असं कुठलं कारणच नव्हतं. टॅलेंटची तुलना करत बसण्यात काही अर्थ नाही.

एप्रिल २०१९ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याने लांबून एक अप्रतिम गोल मारला, तोच आत वळून मारलेला, आणि मारल्यावर डोळे मिटून कानात बोटं घालून उभा राहिला. आपल्याच स्टेडियममध्ये, आपल्याच शिट्ट्या मारणाऱ्या पब्लिकला उद्देशून. तिथून पुढे काही सुधारणार नाही हे उघड होतं. तीन आठवड्यांनी चॅम्पियन्स लीगच्या सेमीफायनलचा दुसरा लेग लिव्हरपूलविरुद्ध, त्यांच्याच ॲनफिल्डवर, पहिला ३-० जिंकून आलेले. लिव्हरपूलचा तिसरा गोल पडला आणि थोड्याच मिनिटांत, साठाव्या मिनिटाला, वाल्वेर्देंनी कुटिन्योला बाहेर काढून सेमेदोला आणलं. त्यानंतर तो प्रसिद्ध झटपट कॉर्नर, ओरिगीचा गोल, ४-०. लिव्हरपूलने १ जूनला चषक उचलला.

इथेच एक गैरसमज पण काढून टाकतो. कुटिन्योच्या पैशातून लिव्हरपूलने डिफेंडर व्हॅन डाइक घेतला असं सर्रास म्हणतात. व्हॅन डाइकचा ७५ मिलियन पाउंडांचा सौदा डिसेंबर २०१७ मध्येच जाहीर झाला होता, कुटिन्यो विकायच्या आधी. त्यानंतरच्या उन्हाळ्यात गोलकीपर ॲलिसन आला, त्याला त्या पैशाची मदत झाली असं म्हणणं जास्त बरोबर. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे कुटिन्यो गेल्यावर त्यांनी त्याच्यासारखा १० नंबर, म्हणजे स्ट्रायकरच्या मागे खेळणारा कल्पक प्लेयर, शोधलाच नाही. मिडफिल्डला मेहनती माणसं ठेवली आणि कल्पकतेचं काम दोन फुल बॅकना वाटून दिलं. म्हणजे जी जागा शोधत हा युरोपभर फिरला ती जागा त्याच्या जुन्या टीमने सुद्धा रद्द करून टाकली होती. परत आला असता तरी काय मिळालं असतं?

आता पैशाचं. हे जरा रुक्ष आहे पण याशिवाय पुढचं कळत नाही. क्लब ट्रान्सफर फी हिशोबात एकदम दाखवत नाहीत, कराराच्या वर्षांवर वाटतात. १२० मिलियन, करार साडेपाच वर्षांचा, म्हणजे वर्षाला साधारण २२ मिलियनचा खर्च, ॲड-ऑन्स सोडून. दीड वर्षाने, २०१९ च्या उन्हाळ्यात, पुस्तकात त्याची किंमत अजून ८७ मिलियनच्या आसपास उरलेली. त्याहून कमीला विकला तर तेवढा तोटा त्या वर्षाच्या पुस्तकात दिसणार, आणि बेंचवर बसलेल्या, शिट्ट्या खाणाऱ्या प्लेयरला ८७ मिलियन देतो कोण? त्यात क्लबने त्याच उन्हाळ्यात १२० मिलियन देऊन ग्रीझमन आणला, तो पण त्याच आतल्या पट्ट्यात खेळणारा. मग उरला लोनचा मार्ग. बायर्न म्युनिकने साडेआठ मिलियन युरो लोन फी दिली आणि हवा तर १२० मिलियनला कायमचा घेऊ असा पर्याय ठेवला. तो आकडा बायर्न भरेल असं खुद्द बार्सातल्या कुणाला तरी वाटत असेल का, मला शंकाच आहे.

बायर्नमध्ये पण गंमत तीच. रॉबेन गेल्याने १० नंबर मोकळा होता, तो याला मिळाला, कोच निको कोव्हाच त्याला स्ट्रायकरच्या मागे खेळवायला लागले. पण ती जागा थॉमस म्युलरची! सलग काही मॅच म्युलर बेंचवर, ड्रेसिंग रूममध्ये कुरकुर, नोव्हेंबरमध्ये फ्रँकफर्टकडून ५-१ मार खाल्ल्यावर कोव्हाच गेले. हान्सी फ्लिक आले, म्युलरला परत मध्ये आणलं, आणि म्युलरने त्या सीझनला बुंडेसलिगामध्ये २१ असिस्ट (ज्यावर गोल होतो ते पास) केले, तेव्हाचा विक्रम. कुटिन्योने ब्रेमेनविरुद्ध हॅटट्रिक आणि दोन असिस्ट अशी एक संध्याकाळ गाजवली, बाकी येऊन-जाऊन. एप्रिलमध्ये घोट्याचं ऑपरेशन. ३८ मॅच, ११ गोल, खरं तर लोनवरच्या माणसाला वाईट नाहीत.

आणि मग लिस्बन. कोरोनामुळे सीझन ऑगस्टपर्यंत लांबला, लोनचे करार पण लांबले, आणि चॅम्पियन्स लीगच्या क्वार्टरफायनलला समोर बार्सिलोना. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये लोनवरचा प्लेयर आपल्या मूळ क्लबविरुद्ध उतरूच शकत नाही, युएफाच्या, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या, स्पर्धांमध्ये मात्र तशी बंदी चालत नाही, हे २०१४ ला लोनवरच्या गोलकीपर कोर्तवाच्या वेळी ठरलेलं. १४ ऑगस्ट २०२०, ७५ व्या मिनिटाला ग्नाब्रीच्या जागी कुटिन्यो आला तेव्हा स्कोअर ५-२. लेवांडोव्स्कीला क्रॉस दिला, सहावा. मग स्वतः सातवा. मग आठवा. पंधरा मिनिटांत, ज्या क्लबने त्याचे १२० मिलियन मोजले होते त्या क्लबविरुद्ध. आनंद साजरा केला नाही त्याने. नऊ दिवसांनी फायनलला पण बदली म्हणून उतरला आणि चॅम्पियन्स लीगचं मेडल गळ्यात पडलं.

आता इथे टोमणे मारणाऱ्यांनी जरा मोजावं. लिव्हरपूलमध्ये पाच वर्षांत एकही ट्रॉफी नाही. सोडल्यावर ला लिगा दोन, कोपा देल रे दोन, बुंडेसलिगा, जर्मन कप, चॅम्पियन्स लीग. फर्मिनो, माने थांबले त्यांना पण मेडलं मिळाली, ती मात्र त्यांच्या खेळाच्या जोरावर मिळाली हे सगळे मान्य करतात, आणि याची कुणी धरतच नाही. मला वाटतं त्याला स्वतःलाही ती तेवढी आपली वाटत नसतील, पण हा आपला माझा अंदाज.

परत बार्साला आल्यावर नवा कोच कूमनने त्याला मध्ये खेळवायला सुरुवात केली होती, बरं चाललं होतं, आणि २९ डिसेंबर २०२० ला आयबारविरुद्ध गुडघा गेला. सीझन संपला. तोवर क्लबची तिजोरी पण रिकामी झालेली, मेस्सीला सुद्धा ठेवता आलं नाही. जानेवारी २०२२ मध्ये ॲस्टन व्हिलाला लोन, तिथे कोच स्टीव्हन जेरार्ड, लिव्हरपूलचा जुना कॅप्टन, याच्या शेजारी खेळलेला, याला काय लागतं ते माहीत असलेला. पहिल्याच मॅचला बदली म्हणून येऊन मँचेस्टर युनायटेडशी २-२ बरोबरी करणारा गोल. लीड्सविरुद्ध एक गोल दोन असिस्ट. परत तोच कुटिन्यो! मे महिन्यात व्हिलाने २० मिलियन युरोंना कायमचा घेतला, करार २०२६ पर्यंत. आणि ऑक्टोबरमध्ये जेरार्डला काढलं. उनाय एमरी आले, त्यांना शिस्तीत मागे पळणारे लोक हवे होते, त्यात मांडीची दुखापत, २०२२ चा वर्ल्ड कप पण हुकला. अख्ख्या सीझनमध्ये लीगचा एक गोल. ज्या एका माणसाच्या भरवशावर करार केला तो माणूस पाच महिन्यांत गेला, हे प्रोफेशनल फुटबॉलमध्ये किती जणांचं होतं, त्यांच्या बातम्याच होत नाहीत फक्त.

मग लोनवर कतारचा अल-दुहैल, त्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. २०२४ च्या जुलैमध्ये तो रिओला वास्को द गामामध्ये परतला, जिथून सोळाव्या वर्षीच इंटरने त्याचा सौदा करून ठेवला होता. आधी लोनवर, नंतर कायमचा. ऑगस्ट २०२५ मध्ये वास्कोने सांतोसला ६-० हरवलं, कुटिन्योचे दोन गोल, आणि समोर सांतोसकडून नेमार, जो रडतच मैदानाबाहेर गेला. ब्राझीलच्या लीगमध्ये प्रेसिंग कमी आहे, तिशी ओलांडलेल्या १० नंबरला मोकळीक जास्त मिळते, म्हणून तिथे चाललं असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहेच. पण तिथे तो मध्ये खेळत होता, बॉल आधी त्याच्याकडे यायचा, आणि टीममधल्या दुसऱ्या कुणाला त्यासाठी बाजूला व्हावं लागत नव्हतं.